आधी राखण, मग नाव

आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आम्ही वाचतो. वनस्पतींचा उल्लेख तेथे नाही. ते काम जणू आम्हां लेकरांसाठी राहून गेले.

१९९४ साली ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या वायव्येकडील वोलेमी राष्ट्रीय उद्यानातील एका खोल दरीत डेव्हिड नोबल या वनरक्षकास अपरिचित वृक्ष आढळले. नाताळात आम्ही ज्याला सजवतो त्या अरॉकेरियाच्याच कुळातले. पण पाने, शंकू तपासता जात नवी, प्रजातीही नवी ठरली. १९९५ साली ‘वोलेमिया नोबिलिस’ हे नाव प्रसिद्ध झाले. रानात प्रौढ वृक्ष शंभराहून कमी!

त्या दरीचा ठावठिकाणा मात्र गुप्त ठेवला गेला. मग सत्य दडवले असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. वर्णन छापलेले आहे, रोपेही विकत मिळतात. झाकली ती केवळ वाट. त्याच अध्यायात बाग राखण्याची आज्ञा नावे देण्याच्या आधी येते, हे आम्ही सहसा विसरतो. २००५ साली तेथे मुळे कुजविणारा रोग आढळला. चोरून गेलेल्यांच्या पादत्राणांबरोबर तो आला असावा, असा संशय होता. २०१९-२० च्या वणव्यात वाट ठाऊक असलेले अग्निशामक हेलिकॉप्टरमधून दरीत उतरले व त्या वृक्षांभोवतीची जमीन त्यांनी पाण्याने भिजवून ठेवली.