दाढांवरचा आळ

कानासमोर बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा. आधी जबड्याचा सांधा जागच्या जागी फिरतो, मग हाडाचं टोक पुढे घसरतं. मधे एक पातळ चकती असते. हा सांधा दुखू लागला की घास चावणं, जांभई देणं, बोलणं, सगळंच जड जातं. कळ कानात जाते, म्हणून रुग्ण बहुधा आधी कानाचा डॉक्टर गाठतो.

या दुखण्याचं एक गाजलेलं स्पष्टीकरणही कानाच्या डॉक्टरचंच. सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये ११ रुग्णांवरून सांगितलं की दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो आणि सांध्याचं टोक मागे सरकून नस व कानाची नळी दाबतं. उपाय? दातांची उंची वाढवा. १९४८ मध्ये शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिखर यांनी हे रचनेच्या दृष्टीने टिकत नसल्याचं दाखवलं. कारण बाद झालं, उपाय मात्र चालूच राहिला. दंतवैद्याला दात घासून कमी करता येतात, चढवता येतात; मग दोषही दातांतच असणार, हा समज घट्ट बसला.

पुढे कोलंबिया विद्यापीठातले लास्लो श्वार्ट्झ आणि १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी लक्ष स्नायूंकडे आणि मनावरच्या ताणाकडे वळवलं. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो लास्किन यांच्या गटाने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. २५ रुग्णांना ‘दात घासून तुमचा चावा, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची मिळणी, जुळवतो’ असं सांगितलं. प्रत्यक्षात घासण्याचं नुसतं सोंग केलं, चावा होता तसाच ठेवला. तरी १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं. त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. काळ, दिलासा आणि डॉक्टरवरचा विश्वास यांनीही माणूस बरा होतो, एवढाच त्याचा अर्थ. ‘दात घासले आणि बरं वाटलं’ हा पुरावा त्या दिवशी निकालात निघाला.

तरीही डॉक्टरांचे हात आवरले नाहीत. स्कॅनवर चकती सरकलेली दिसली की ती काढायची आणि टेफ्लॉनचा थर असलेलं रोपण बसवायचं, ही १९८० च्या दशकातली पद्धत. चावण्याच्या दाबाने त्या थराचे कण सुटले, शरीर त्यांच्यावर तुटून पडलं आणि आजूबाजूचं हाड झिजत गेलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० च्या अखेरीस धोक्याचा इशारा दिला, तोवर कित्येकांच्या जबड्याचं कायमचं नुकसान झालं होतं. वास्तविक चकती सरकूनही काहीच न दुखणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. स्कॅनवर दिसलेल्या गोष्टीला रोग समजण्याची केवढी किंमत मोजावी लागली!

त्यानंतर अमेरिकेतल्या ‘ऑपेरा’ अभ्यासाने जबड्याचा हा त्रास नसलेल्या हजारो माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. दुखणं जास्त प्रमाणात जडलं ते ज्यांचं अंग इतरत्रही दुखत होतं, झोप बिघडत चालली होती, अशांना. रोग एकट्या सांध्याचा नव्हता. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट दुखण्यासाठी जबड्याचे देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि वर्तनोपचार यांची ठाम शिफारस केली.

तुमचा जबडा दुखत असेल आणि कुणी धडधाकट दात घासायला किंवा सांधा उघडायला निघालं, तर आधी विचारा: हे केलेलं पुन्हा पूर्ववत करता येईल का? उत्तर ‘नाही’ आलं, तर खुर्चीतून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.