कानाचं ऐकू नका

माझी भाची हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत शिकते. २०१६ साली देशातल्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक तिथूनच बाहेर पडल्या. सुट्टीत सुरतेला आली, तर कपाटावर कॉकपिटचा कागदी तक्ता चिकटवून, ओढणीनं डोळे बांधून एकेक बटण चाचपत बसली. “मावशी, चुकले तर सांग हं!”

कृत्रिम क्षितिजाला या मुली ‘सासूबाई’ म्हणतात. पटो न पटो, ऐकावंच लागतं! मी पोट धरून हसले. मग ती म्हणाली, “ढगात सावकाश वळण लांबलं, की कानातलं पाणी स्थिरावतं. विमान कललेलं असतं, आपल्याला वाटतं सरळच चाललोय. तेव्हा उपकरणाचंच ऐकायचं.”

माझं हसू थांबलं. धाकट्या जावेशी मी दोन वर्षं बोलत नाही. मी सरळ आहे, याची मला पक्की खात्री! पण रागाच्या ढगात खात्री हा पुरावा कसा? स्वाध्यायात अनेकान्त समजावते मीच. जावेची बाजू मात्र एकदाही विचारली नाही. या मुली निदान हसत हसत रोज घोकतात, की आपल्याला वाटतं ते खोटं असू शकतं.

‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायला संवत्सरीपर्यंत थांबायचं कशाला?