मूळगाव नसलेल्यांची मायबोली

माणसाची ओळख कशावरून ठरावी? त्याचे वाडवडील कुठून आले यावरून, की त्याने स्वतः काय घडवले यावरून? आम्हा मराठी मुसलमानांना हा प्रश्न नवा नाही. घरीदारी मराठी बोलूनही ‘तुमची भाषा उर्दू ना?’ असे आम्हाला विचारले जाते. विचारणाऱ्याला आमची भाषा नको असते, आमचे मूळ हवे असते. पण ज्यांचे मूळच हिसकावून घेतले गेले, त्यांनी काय उत्तर द्यावे? मॉरिशसमधल्या क्रिओल समाजापुढे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे.

१७१५ साली फ्रेंचांनी हे बेट ताब्यात घेतले. पुढे मादागास्कर, मोझांबिक आणि काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही गुलाम आणले गेले. १७२३ च्या कायद्याने गुलाम म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता ठरला. त्याला बाप्तिस्मा दिला गेला, मालकाच्या मर्जीचे नाव मिळाले. गाव, कूळ, बोली, श्रद्धा सारे मागे राहिले. १८३५ मध्ये गुलामी संपली, तेव्हा इंग्रज सरकारने नुकसानभरपाई दिली ती मालकांना. मुक्त झालेल्यांच्या हाती काहीच पडले नाही.

त्यांच्या जागी उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून गिरमिटिये आले. त्यांत कोकणातली मराठी माणसे होती, मुसलमानही होते. त्यांचे हालही कमी नव्हते. पण त्यांची नावे, गावे सरकारी दप्तरात नोंदली गेली. आज त्यांचा पणतू त्या कागदांवरून आपले मूळगाव शोधू शकतो. क्रिओल माणसाच्या वाट्याला बहुधा असा कागद येत नाही.

१९६८ च्या राज्यघटनेने हिंदू, मुसलमान आणि चिनी असे तीन समाज नावानिशी सांगितले. जे यांत बसत नाहीत ते ‘सामान्य जनता’. म्हणजे उरलेले! या उरलेल्यांत गुलामांचे वंशज आले आणि फ्रेंच मालकांचेही. शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी या ‘पूर्वजांच्या भाषा’ शिकवल्या जात. क्रिओल मुलाला पूर्वजांची म्हणावी अशी भाषाच नव्हती. आणि जी होती तिला बोलीभाषा म्हणून हिणवले जाई. प्राथमिक शाळेत तिला ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली ती २०१२ साली.

गंमत अशी, की हीच भाषा साऱ्या बेटाची मायबोली आहे. मळ्यांवर मालक आणि गुलाम यांच्या व्यवहारातून ती जन्मली. शब्द बहुतेक फ्रेंच, व्याकरण मात्र स्वतःचे. २०११ च्या जनगणनेत दर दहापैकी आठांहून अधिक लोकांनी घरी आपण क्रिओल बोलतो असे सांगितले. ज्यांना कागदोपत्री उर्दू वा मराठी वारसा आहे, त्यांच्याही घरात बहुधा तीच बोलली जाते. ज्यांच्याजवळ काही नाही म्हणून हिणवले, त्यांनीच सर्वांना बोलायला जबान दिली.

म्हणून कुणी म्हणेल, मुळाचा विचारच सोडून द्यावा, सगळेच मिश्र आहेत. हे बोलणे गोड आहे, पण न्यायाचे नाही. आपापल्या वंशावळी जपून ठेवणाऱ्यांनी, ज्याची वंशावळ लुटली गेली त्यालाच ‘विसरून जा’ असे सांगावे, हा कुठला न्याय? क्रिओल माणूस आज आफ्रिकेकडे, मादागास्करकडे आपला माग काढत असेल, तर तो त्याचा हक्क आहे. आमच्यातही कूळ थेट अरबस्तानापर्यंत नेऊन पोहोचवण्याची हौस काही कमी नाही! मग ती ओढ दुसऱ्याला नाकारणारे आम्ही कोण?

आमचा आक्षेप मुळाच्या शोधाला नाही, मुळाच्या दाखल्याला आहे. आधी पूर्वज दाखवा, मग मान मिळेल, अशी अट जिथे असते तिथे ज्याच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला तोच सर्वांच्या मागे राहतो. एकदा त्याचे पूर्वज चोरले, आता ते नाहीत म्हणून त्याला पुन्हा दंड! माणूस जी भाषा बोलतो, जी माती कसतो, तीवरचा त्याचा हक्क कोणत्याही दप्तरावर अवलंबून नसावा. हे क्रिओलांसाठी खरे असेल, तर ते आमच्यासाठीही खरे आहे. आणि उद्या आमच्या मोहल्ल्यात दाखल्याविना येऊन राहणाऱ्या माणसासाठीही तितकेच खरे आहे.