हुकूमनामा आणि ऋण

न्यायालयाचा निकाल मानावा कीं न मानावा, हा प्रश्न राजकारणांत मोठ्या आवाजांत विचारला जातो. खाजगी व्यवहारांत तो हळू आवाजांत उठतो आणि बहुधा तसाच विरून जातो. जुन्या कर्जाच्या दाव्यांत चुकीचा निकाल लागला, तर ज्याच्या विरुद्ध तो लागला त्यानें काय करावें, हें कोणीही बरा वकील सांगूं शकेल. परंतु ज्याच्या बाजूनें तो लागला त्यानें काय करावें, हें विचारण्यासाठीं वकिलाच्या घरची पायरी कोणी चढत नाहीं. प्रस्तुत लेखाचा रोख मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

वाचकांनीं क्षणभर अशी कल्पना करावी. पंचगंगेच्या कांठच्या एखाद्या गांवांतील शेतकऱ्यानें उसाच्या लागवडीसाठीं एका ओळखीच्या गृहस्थाकडून पांच वर्षांच्या मुदतीचें खत लिहून पैसे घेतले. दोन हंगामांत त्यानें ते फेडले. ओळखीचा माणूस, म्हणून पावती मागितली नाहीं आणि खतही परत घेतलें नाहीं. पुढें दोघेही वारले. धनकोच्या मुलाला वडिलांच्या पेटींत तें खत सांपडलें, आणि मुदत टळण्यापूर्वीं त्यानें सातव्या वर्षीं फिर्याद गुदरली. समन्स दारावर चिकटविलें गेलें तेव्हां घरचीं माणसें परगांवीं होतीं. निकाल एकतर्फी झाला. यांत न्यायाधीशानें लांच खाल्ली नाहीं, साक्षीदार खोटें बोलला नाहीं, फिर्यादीलाही कदाचित् खरी हकीकत ठाऊक नव्हती. खत बोललें, आणि त्याला ज्यानें उत्तर दिलें असतें तो हयात नव्हता. जुन्या कर्जाचे चुकीचे निकाल पुष्कळदां असेच होतात. माणसाची स्मृति म्हातारी होते; कागद होत नाहीं.

ही गोष्ट कल्पित असली तरी तिच्यासारख्या खऱ्या गोष्टींनीं या देशाचा इतिहास घडला आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाची फिर्याद तीन वर्षांत आणावी असें ठरविलें. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनीं सावकार व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला, आणि न्यायालयापुढें येई तें शेवटचें खत. कुळ बहुधा हजरच राहत नसे. १८७४ च्या डिसेंबरांत शिरूर तालुक्यांतील करडें येथें दीडशे रुपयांच्या कर्जापायीं एका सावकारानें हुकूमनामा मिळविला आणि गांवच्या देशमुखाचें घर पाडलें. गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला आणि पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनीं ठिकठिकाणीं मागितले ते कागद, म्हणजे खतें आणि हुकूमनामे. ते हातीं येतांच त्यांनीं त्यांची होळी केली. आणि कागद निमूटपणें मिळाले तेथें माणसांस सहसा इजा केली नाहीं.

सरकारनें याचा अर्थ ओळखला. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा हिशेब मुळापासून तपासावयास लाविलें. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें याच कायद्याखालीं विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. तो कायदा आतां इतिहासजमा झाला आहे. परंतु त्यानें दिलेली कबुली मोलाची आहे. निर्दोष कागदावरून, निर्दोष रीतीनें, न्यायालय अन्याय करूं शकतें, हें खुद्द कायद्यानें मान्य केलें.

आजच्या ऋणकोला उपाय आहेत. समन्स रीतसर न मिळाल्यास निकाल कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करतां येतो. जिल्हा न्यायालयांत अपील करतां येतें. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठही कोल्हापुरांत बसूं लागलें. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची पायपीट वांचली, याचा आनंद योग्यच आहे. तथापि दुसरें अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच चालतें, आणि पंचवीस हजारांपर्यंतच्या पैशाच्या दाव्यांत तेंही नाहीं. पैसे फेडले होते कीं नाहीं, हा कायद्याचा प्रश्न नसून वस्तुस्थितीचा आहे. म्हणजे न्यायालय कितीही जवळ आलें तरी एक टप्पा असा येतो कीं, तेथें चूक ही चूकच राहून कायम होते.

हें कठोर वाटतें, पण तें आवश्यक आहे. एकदां निवडलेला वाद पुनः उकरतां आला असता, तर पैसेवाल्यानें गरिबाला दाव्यामागून दाव्यांत दमवून मारलें असतें. ज्या शेतकऱ्याच्या गळ्यांत हा हुकूमनामा पडला, त्याच्या शेताची मालकीही अशाच एखाद्या कायम झालेल्या निकालावर उभी असेल. म्हणून सर्व उपाय थकल्यावर त्यानें निकाल पाळावा, असें माझें मत आहे. परंतु पाळणें म्हणजे कबूल करणें नव्हे. "आमच्या वडिलांनीं हे पैसे फेडले होते," असें तो आयुष्यभर ताठ मानेनें सांगूं शकतो. मात्र जप्ती चुकविण्यासाठीं जमीन रातोरात मेव्हण्याच्या नांवावर करण्याचा मोह त्यानें आवरला पाहिजे. न्यायालयानें त्याला चुकून देणेकरी ठरविलें. लबाड तो स्वतःच्या हातानें ठरेल.

आतां जिंकणाऱ्याकडे वळूं. "मी चोरी केली नाहीं, न्यायालयानें दिलें तें घेतलें," हें त्याचें उत्तर ठरलेलें असतें. तें अपुरें आहे. वसुलीला आपण मदत करावी कीं नाहीं, एवढ्याच प्रश्नाचा निवाडा न्यायालय करतें. कर्जाची मुदत टळली म्हणजे फिर्यादीचा हक्क जातो. ऋण मात्र नाहींसें होत नाहीं, म्हणूनच १८७२ चा कराराचा कायदा असें ऋण फेडण्याचें लेखी वचन बंधनकारक मानतो. हुकूमनाम्यावांचून ऋण जगूं शकतें, हें आपण सर्व मानतों. मग ऋणावांचून हुकूमनामा जगूं शकतो, हें कां मानूं नये?

आणि येथेंच त्याची जबाबदारी सुरू होते. निकालाच्या अंतिमतेनें न्यायाधीशाचे हात बांधले जातात. जिंकणाऱ्याचे हात मोकळेच राहतात. हुकूमनाम्याची दरखास्त करावयास त्याला बारा वर्षें असतात, पण ती केलीच पाहिजे असें कोणताही कायदा म्हणत नाहीं. म्हणजे सर्व न्यायालयांचीं दारें बंद झाल्यावर ती चूक दुरुस्त करूं शकेल असा जगांत एकच माणूस उरतो, आणि तो म्हणजे जिंकलेला धनको. प्रतिपक्षाच्या प्रत्येक शब्दावर त्यानें विश्वास ठेवावा, असें मी म्हणत नाहीं. त्यानें वडिलांची वही उघडावी, एवढेंच म्हणतों. तींत रक्कम जमा दिसली, तर त्यापुढें घेतलेला प्रत्येक रुपया परका आहे. निकाल झाला म्हणून वही उघडावयाचीच नाहीं, हें अज्ञान मात्र निर्दोष नव्हे.

तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरा सांगते. तीं खरीं येणीं होतीं. तें औदार्य होतें, आणि तें सर्वांना झेपणारें नाहीं. येथें मागितलें आहे तें त्याहून पुष्कळ थोडें. जें कधीं येणें नव्हतेंच तें सोडून देण्याला संतपणा लागत नाहीं. साधा प्रामाणिकपणा पुरतो. १८७५ सालीं कुळांनीं कागद जाळले, कारण ते फाडावयास धनी पुढें आले नव्हते. कायदा चुकूं शकतो, हें मानणारा समाज कायद्याचा आदर कायम ठेवूं इच्छीत असेल, तर चुकीनें पदरांत पडलेलें परत करण्याची रीत त्यानें आपल्या घरांतच घालून दिली पाहिजे.