कॉफी, जागरण आणि थकव्याची साक्ष

पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधकांनी रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे ईश्वरनामाच्या सामूहिक स्मरणासाठी, कॉफीचा आधार घेतला आणि पुढे ही प्रथा कैरोपर्यंत पोहोचली. सोळाव्या शतकातील ग्रंथकार अब्द अल-कादिर अल-जझीरी याच्या वर्णनानुसार, साधकांचा प्रमुख लाल मातीच्या मोठ्या भांड्यातून लहान ओगराळ्याने कॉफी काढून देई आणि ती उजवीकडे फिरत असताना नामोच्चारही चालू राही. १५११ मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी आणली, तेव्हा वादाचा मुद्दा असा होता की, मद्य बुद्धी झाकते म्हणून निषिद्ध असेल, तर कॉफीही त्याच्या पंक्तीला बसते काय? कालांतराने बहुतेक धर्मशास्त्रज्ञांनी कॉफी ग्राह्य मानली.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर असला, तरी तो अपुरा आहे. जागेपणी मेंदूत अडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि ग्राहींना, म्हणजे पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, चिकटून झोपेची गरज कळवते. रचनेने त्याच्याशी मिळतेजुळते असलेले कॅफीन त्या जागा अडवून बसते. अडेनोसिन मात्र नाहीसे होत नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारण ५ तास लागत असल्याने, सायंकाळी ६ वाजता घेतलेल्या कपाचा मोठा अंश रात्री ११ वाजताही शिल्लक असतो. म्हणजेच कॉफी बुद्धी झाकत नाही, पण आपण थकलो आहोत हे एक सत्य तेवढे झाकते.

येथे प्रश्न पेयाचा न राहता हेतूचा होतो. एकादशीच्या जागराला जशी द्वादशीच्या पारण्याची सीमा असते, तशी व्रताच्या जागरणाला सीमा असते आणि साधक ते जाणूनबुजून पत्करतो. रोजच्या कामासाठी लांबवलेल्या रात्रीला मात्र अशी सीमा क्वचितच असते आणि तिचा लाभही बहुधा जागणाऱ्याच्या पदरी पडत नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रेइतकेच अतिजागरणही योगाला बाधक मानले आहे. त्या कसोटीवर कॉफी निर्दोष ठरते. दोष येतो तो शरीराची साक्ष कायमची दडपून त्या दडपण्यालाच कर्तव्यनिष्ठा म्हणण्यात.