गळता नळ आणि प्रमादाचा प्रश्न

ज्या हानीमागे कोणाचा हेतू नसतो, जिच्यातून कोणाला लाभ होत नाही आणि जी केवळ दुर्लक्षामुळे चालू राहते, तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न जैन आचारशास्त्राने फार बारकाईने हाताळला आहे. बाथटबचा गळता नळ हे अशा हानीचे घरोघरी आढळू शकणारे उदाहरण होय. वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला 4 लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे 1,575 लिटर पाणी वाया घालवतो; परंतु ते थेट टबातून वाहून जात असल्याने जमीन भिजत नाही, कोणाचे काही अडत नाही आणि म्हणूनच ते महिनोन्महिने कोणी मनावर घेत नाही.

पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हीच ज्यांची शरीरे, अशा एकेंद्रिय जीवांना जैन तत्त्वज्ञानात स्थावर जीव म्हणतात आणि त्यांपैकी पाणी हेच ज्यांचे शरीर, ते अप्कायिक जीव होत. साधूने त्यांचीही हिंसा टाळावी अशी अपेक्षा असली, तरी गृहस्थाला स्नानासाठी व स्वयंपाकासाठी पाणी वापरावेच लागते, हे शास्त्राने मान्य केले आहे. म्हणूनच श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या, बारा व्रतांत अनर्थदंडविरतीला, अर्थात निष्प्रयोजन हिंसेच्या त्यागाला, स्थान मिळाले. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले असून, कारण नसताना जमीन खणणे, पाणी वाया घालवणे, आग पेटवणे, झाडे तोडणे यांची गणना त्यांतील प्रमादचर्येत होते. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आणि ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्याच प्रमादाच्या आधारे केलेली असल्याने, आपण काहीच केले नाही ही सबब येथे टिकत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्लंबर बोलावूनही पाणी वाचतेच, मग नळ स्वतःच दुरुस्त करण्याचे महत्त्व ते काय? पाणी वाचवणे हे व्रताचे बाह्य फळ आहे आणि ते कोणाच्याही हातून मिळू शकते. मात्र ज्या बेसावधपणामुळे गळती चालू राहिली, तो दूर करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. हा बेसावधपणा कसा वाढतो, हे नळाच्या रचनेतच दिसते. जुन्या पद्धतीच्या नळात मूठ फिरवली की आतला दांडा खाली सरकतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर पितळी बैठकीवर दाबला जाऊन पाणी अडते. हा वायसर झिजला वा कडक झाला की फट राहते. तेव्हा नळ अधिकाधिक जोराने आवळण्याची सवय लागते आणि त्या जोरानेच वायसर आणखी चेपतो, म्हणजे दोष पाहण्याऐवजी बळ वापरल्याने दोषच वाढतो.

दुरुस्ती करणाऱ्याला याउलट वागावे लागते. मुख्य कॉक बंद करून नळातले उरलेले पाणी सोडून द्यावे, स्क्रू आत पडू नये म्हणून टबाच्या जाळीवर फडके अंथरावे, मूठ काढून पान्याने नट सैल करावा, निघालेले भाग क्रमाने मांडून ठेवावेत आणि जुन्या वायसरच्या मापाचाच नवा बसवावा. बाहेर काढलेल्या वायसरवर बैठकीच्या दाबाने उमटलेली गोल खाच दिसते, तेव्हा गळतीचे कारण प्रत्यक्ष हाती येते. वस्तू उचलताना व ठेवताना सावध राहण्याचा जो नियम साधूंसाठी आदाननिक्षेपण समिती या नावाने सांगितला आहे, त्याचा गृहस्थाला पेलेल असा अभ्यास येथे आपोआप घडतो.

पितळी बैठकच झिजली असेल किंवा भिंतीतली जोडणी गळत असेल, तर मात्र जाणकार कारागिराला बोलावणे हाच सावधपणा ठरतो, कारण व्रताचा आग्रह कौशल्याच्या प्रदर्शनासाठी नसून जागरूकतेसाठी आहे. गळती कळूनही ती चालू ठेवणे ही निष्क्रियता नव्हे, ती रोज नव्याने केलेली निवड आहे, आणि म्हणून तिची जबाबदारी नळावर किंवा काळावर न ढकलता तो नळ वापरणाऱ्यानेच स्वीकारली पाहिजे.