काइनाच्या कपाळावरची खूण



ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा तुरुंगातील बांधवांसाठी पाळते. त्यानिमित्ताने उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाकडे वळू या.

काइनाने सख्ख्या भावाचा खून केला. परमेश्वराने त्याला मोकळे सोडले नाही. हाबेलाचे रक्त जमिनीतून हाक मारत होते आणि ती हाक देवाने आधी ऐकली. दयेविषयी बोलताना आपण हाबेलाला विसरतो, देव विसरत नाही. काइनाला शिक्षा झाली: जमीन सुटली, भटकणे नशिबी आले. पण मग काइन घाबरून म्हणाला की, आता भेटेल तो मला मारून टाकील. तेव्हा देवाने त्याच्यावर खूण केली. आपण ती कलंकाची खूण समजतो. नीट वाचा, ती संरक्षणाची खूण आहे. खुनी ठरलेल्या माणसाचा जीवही देवाने आपल्याच ताब्यात ठेवला. पुढे काइनाला मूल झाले, त्याने नगर वसवले, हेही त्याच अध्यायात आहे.

असा न्याय माणसांना जमतो का? आपल्याच महाराष्ट्रात तो जमला आहे. १९३९ साली औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभारली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तेथे बायकामुलांसह राहू लागले, शेती करू लागले. भोवती उंच भिंत नव्हती. शिक्षा माफ झाली नव्हती, तरी माणूस म्हणून त्यांची किंमत काढून घेतली गेली नाही. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. आपल्यातील थोरामोठ्यांनी तो तंबूतल्या टॉकीजमध्ये पाहिला असेल. गाणी आठवतात, स्वतंत्रपूर मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

फ्रीडमन यहुदी कुळातले, राजेसाहेब हिंदू. देवाचे काम करायला देव आपला दाखला तपासत नाही!

२०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अग्राह्य ठरवला. अतिशय गंभीर गुन्हा केल्यावरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही, हे त्याचे कारण. पुष्कळांना हे पटत नाही. एखाद्या लेकीबाळीवर अत्याचार झाल्याची बातमी आली की, ‘फाशीच द्या’ असे आपणही म्हणतो. त्या रागात हाबेलाची हाक आहे, म्हणून तो राग खोटा नाही. पीडित कुटुंबाच्या दारी कोणी गेले नाही, तर कैद्यावरची आपली दया अर्धवटच. परंतु देवाने काइनाला दगड मारणाऱ्यांच्या हवाली केले नाही, हेही खरे.

वरणगावसारख्या गावात कोणाचा बाप आत आहे हे सर्वांना माहीत असते. त्याच्या मुलाला पाणवठ्यावर, शाळेत, कधी आपल्या देवळाच्या अंगणातही बापाच्या गुन्ह्याने ओळखले जाते. त्या मुलाने काहीही केलेले नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारा. त्याची आई मिस्साला मागच्या बाकावर एकटी बसत असेल, तर तिच्या शेजारी जाऊन बसा.